छातीवरचे तीन ठोके

आधीच सांगून ठेवतो. ही घटना खरी आहे.

तुम्ही म्हणाल, इथे लिहिणारा प्रत्येक जण हेच म्हणतो. म्हणू दे. पण बाकीच्यांकडे मध्यरात्र असते, सुनसान रस्ता असतो, नेमकी तिथेच बंद पडलेली गाडी असते. माझ्याकडे त्यातलं काहीच नाही. हे घडलं भर दुपारी, मोठमोठ्या दिव्यांच्या लख्ख उजेडात, नुकतंच जेवून आलेल्या माणसांच्या घोळक्यात.

त्यातली बरीच माणसं आजही त्याच धंद्यात आहेत. त्यांना विचारून बघा. विषय बदलतील.

ज्याच्या बाबतीत घडलं तो माझा धाकटा मामा. त्यानेच मला सगळं सांगितलं, माझ्या डोळ्यांत न बघता. त्याने सांगितलं तसंच तुम्हाला सांगतो.

धाकटा मामा नट होता. नट म्हणजे पोस्टरवरचा नव्हे. पोस्टरवरच्या माणसाला हॉस्पिटलच्या दारात गाठून जो म्हणतो, "आम्ही शक्य ते सगळं केलं," तो. वीस-बावीस वर्षं त्याने असेच डॉक्टर केले, इन्स्पेक्टर केले, वकील केले. एका मालिकेत त्याला फक्त दार उघडायचं काम होतं, ते त्याने वर्षभर इमानेइतबारे केलं. पडद्यावर तो इतक्यांदा मेला की आमची आई, म्हणजे त्याची बहीण, म्हणायची, "हा काही लवकर जात नाही. सगळी मरणं आधीच उरकून बसलाय."

लोक त्याला रस्त्यात थांबवायचे. निरखून बघायचे. आणि विचारायचे, "तुम्ही मीटर तपासायला येता ना?"

मामा हसून हो म्हणायचा. मग घरी येऊन न जेवताच झोपायचा.

आता थोरल्या मामांबद्दल सांगायला हवं. त्यांच्याशिवाय ही गोष्ट नाही.

थोरले मामा पोस्टात काउंटरवर होते. लहानपणापासून बोलताना अडखळायचे. शब्द ओठांपर्यंत यायचा आणि तिथेच अडून बसायचा. मान ताठ व्हायची, डोळे मिटायचे, समोरचा माणूस उगाच इकडेतिकडे बघू लागायचा.

त्यावर त्यांनी स्वतःच एक उपाय शोधून काढला होता. बोलायच्या आधी ते दोन बोटांनी छातीवर तीन ठोके द्यायचे.

ठक... ठक... ठक...

मग एक "हं". आणि त्या "हं"च्या पाठीवर बसून वाक्य सुरळीत बाहेर यायचं.

शाळा, नोकरीची मुलाखत, लग्नाची बोलणी, पोस्टातलं अख्खं आयुष्य... सगळं त्यांनी या तीन ठोक्यांवर निभावून नेलं. आम्हा घरच्यांना त्याचं काहीच वाटत नसे. कोणाला चष्मा असतो, थोरल्या मामांना ठोके होते.

वडील लवकर गेले, तेव्हा धाकट्याला त्यांनीच वाढवलं. त्याचं नटाचं खूळही त्यांनीच सांभाळलं. संध्याकाळी पोस्टातून आले की कपडे न बदलता ते त्याची वाक्यं पाठ करून घ्यायला बसायचे. समोरच्या पात्राची वाक्यं ते वाचायचे. आणि गंमत म्हणजे, ती वाचताना ते कधीच अडखळत नसत.

धाकट्याने एकदा कारण विचारलं. थोरल्यांनी छातीवर तीन ठोके दिले.

"हं... दुसऱ्याचं बोलणं सोपं असतं रे, बाळ्या. आपलं बाहेर काढायचं म्हणजे घाम फुटतो."

धाकटा पन्नाशीला आला तेव्हा त्याला एका कौटुंबिक मालिकेत एका दिवसाचं काम मिळालं. नको त्या वेळी दारात येऊन उभा राहणारा शेजारी. वाक्यं दोन.

दिग्दर्शक मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता. मान वर न करताच म्हणाला, "काका, नुसतं येऊन बोलून जाऊ नका. काहीतरी करा. नाहीतर एडिटिंगमध्ये उडेल हे."

मामा दाराच्या फळीमागे जाऊन उभा राहिला. उडेल. म्हणजे पुन्हा मीटरवाला.

इशारा झाला. तो आत शिरला. तोंड उघडायच्या आधी त्याचा हात वर गेला...

ठक... ठक... ठक...

"हं."

मान ताठ. डोळे मिटलेले. सगळं जसंच्या तसं.

आधी दिवेवाला हसला. मग मेकअपवाली. कॅमेरामनचे खांदे हलायला लागले आणि चित्रही हललं, म्हणून पुन्हा करावं लागलं. पुन्हा केलं तर त्याहून जास्त हसले. दिग्दर्शकाने मोबाइल खाली ठेवला.

"काका, हे कुठून काढलंत?"

"असंच. सुचलं."

मला हे सांगताना मामा थांबला. म्हणाला, "सुचलं वगैरे काही नाही. हात वर जातानाच मला ठाऊक होतं, हा कोणाचा हात आहे."

पुढचं तुम्हाला माहीत आहे. मालिकेचं नाव सांगत नाही, पण ठोकेकाका म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर तो आलाच असेल. एका दिवसाचं काम सहा-सात वर्षं चाललं. शाळेतली पोरं छातीवर ठोके देऊन "हं" करायला लागली. ठोकेकाकांचे कप निघाले, टोप्या निघाल्या. रस्त्यात कोणी मीटरबद्दल विचारेनासं झालं.

पहिला भाग बघायला सगळं घर थोरल्या मामांकडे जमलं होतं. धाकटाही आला होता. ठोकेकाका दारात उभे राहिले, ठोके दिले, आणि अख्खी खोली हसली. खदाखदा हसली. थोरले मामाही हसले.

हसू ओसरल्यावर त्यांना काहीतरी बोलायचं होतं. हात छातीकडे गेला.

ठक...

त्यांची चिमुरडी नात आनंदाने ओरडली, "आजोबा ठोकेकाका झाले!"

पुन्हा हशा.

दुसरा ठोका पडलाच नाही. हात तसाच वर राहिला. मग थोरल्यांनी त्याच हाताने खिशातून चष्मा काढला, जणू त्याच्यासाठीच हात नेला होता. चष्मा पुसला आणि पुन्हा खिशात ठेवला.

धाकट्याने ते बघितलं. खोलीत एवढी माणसं होती, पण बघितलं फक्त त्याने. आणि वहिनींनी, म्हणजे थोरल्यांच्या बायकोने. पण ते त्याला फार पुढे कळलं.

पोस्टात काउंटरच्या काचेवर लोक ठोके द्यायला लागले. कोणी वाईट नव्हतं. गंमत म्हणून करायचे, एखादा तर म्हणायचा, "साहेब, तुम्ही त्या ठोकेकाकांची नक्कल काय हुबेहूब करता." थोरल्यांनी मागच्या खोलीत बदली मागून घेतली. तिथे पार्सलं लावायची असतात. पार्सलांशी बोलावं लागत नाही.

हळूहळू घरातही त्यांचं बोलणं आटलं. मान हलवायचे, हाताने खुणा करायचे. फोन वाजला की वहिनी घ्यायच्या. "ते बरे आहेत," म्हणायच्या.

धाकटा अधूनमधून भेटायला जायचा. दर वेळी गाडीत ठरवायचा, आज बोलायचंच. दादा, चुकलो. एवढंच. आणि तिथे गेल्यावर ट्रॅफिकबद्दल बोलायचा, गळक्या नळाबद्दल बोलायचा, समोरचा माणूस गप्प आहे म्हणून दोघांचं मिळून एकटाच बोलायचा. परत येताना गाडीत त्याला स्वतःचीच किळस यायची.

एका मुलाखतीत त्याला विचारलं, ठोकेकाका सापडले कुठे? मामा म्हणाला, "नटाची कल्पनाशक्ती. दुसरं काय."

टाळ्या पडल्या. ती मुलाखत थोरल्यांनी बघितली असणार. ते त्याचं सगळंच बघायचे.

मग एक दिवस थोरले मामा गेले. झोपेतच, कोणाला त्रास न देता. बऱ्याच वर्षांत त्यांचं एक धड वाक्यही कोणी ऐकलं नव्हतं.

धाकटा सेटवरून तसाच आला. कानामागे मेकअप राहिला होता. सगळं उरकल्यावर घरात माणसांची ये-जा सुरू झाली. तो दारात उभा होता. एक गृहस्थ आत जाऊन भेटून आले, चपला घालता घालता थबकले, आणि हळू आवाजात म्हणाले, "वेळ बरोबर नाही, कळतंय मला. पण माझी मुलगी तुमची फार चाहती आहे. फक्त एकदा... कराल?"

मोबाइल समोर धरला होता. मामाचा हात वर गेला.

ठक... ठक... ठक...

"हं."

आणि त्या मोबाइलकडे बघून तो हसला.

मागे वळला तर वहिनी उभ्या होत्या. हातात पाण्याचा ग्लास होता, त्याच्यासाठीच आणलेला. त्यांनी तो स्टुलावर ठेवला आणि आत गेल्या. मामा म्हणतो, शिव्या दिल्या असत्या तर मी त्या अंगाखांद्यावर मिरवल्या असत्या.

आता खरी गोष्ट सुरू होते.

काही महिने गेले आणि ठोकेकाकांवर सिनेमा निघाला. मामा त्यात मुख्य भूमिकेत. पोस्टरवर एकटा. ज्यासाठी जन्मभर झिजला, ते समोर आलं होतं. त्याने होकार दिला.

शूटिंगमध्ये एक पद्धत असते. एखाद्या जागेतलं काम संपलं की निघायच्या आधी तिथली नुसती शांतता रेकॉर्ड करतात. त्याला रूमटोन म्हणतात. पंखे बंद, फ्रिजचं बटण बंद, माणसं जिथल्या तिथे पुतळ्यासारखी उभी. दर खोलीची शांतता वेगळी असते, आणि पुढे वाक्यांमधल्या फटी भरायला ती लागते. शूटिंगमध्ये दिग्दर्शकही गप्प बसतो, असा तेवढाच एक क्षण.

पहिल्या दिवशी दुपारी, एका लहानशा खोलीत, रेकॉर्डिस्टने हात वर केला. सगळे थिजले.

शांतता...

आणि त्या शांततेत...

ठक... ठक... ठक...

रेकॉर्डिस्टने कपाळाला आठ्या घातल्या. "काका, प्लीज."

सगळे हसले.

"मी नाही," मामा म्हणाला.

सगळे आणखी हसले.

पण मामाच्या एका हातात कप होता. दुसऱ्या हातात बशी.

पुन्हा सुरुवात केली. या वेळी ठोके आले नाहीत. मामाला हायसं वाटलं, आणि तेवढ्यात रेकॉर्डिस्टने कानावरचा हेडफोन एका बाजूने उचलला. खोलीभर नजर फिरवली.

"कोणाला काही बोलायचंय का?"

कोणालाच काही बोलायचं नव्हतं.

"नाही, कोणीतरी बोलायला श्वास घेतला. घेतला आणि... धरून ठेवला."

दुसऱ्या दिवशी त्याने मामाला बाजूला बोलावलं. चेहरा गोंधळलेला. ठोकेकाकांचे सगळे शॉट त्याने ऐकले होते. कॉलरमाइक मामाच्या शर्टाच्या आत, छातीवरच चिकटवलेला असायचा. त्याच्याजवळ नुसतं बोट लागलं तरी हातोडा मारल्यासारखा आवाज येतो. मालिकेच्या वेळी त्याच कारणासाठी तो दुसऱ्या बाजूला लावावा लागायचा.

"हे ऐका," तो म्हणाला.

मामाने ऐकलं. खुर्ची सरकल्याचा आवाज होता. शर्टाची घडी घासल्याचाही होता. वाक्य स्वच्छ होतं.

ठोके नव्हते.

पडद्यावर त्याचा हात छातीवर आपटत होता. एकदा, दोनदा, तीनदा. आवाज नाही. एकाही शॉटमध्ये नाही.

माइक बदलला. वायर बदलली. शेवटी दिग्दर्शक म्हणाला, "डोकं नका खाऊ. डबिंगमध्ये टाकू."

सिनेमाचा एकच प्रसंग बाकी होता, तेव्हा आधीच्या भागाचं डबिंग लागलं. सकाळची वेळ. काचेच्या अलीकडे मामा एकटा, पलीकडे साउंड इंजिनिअर. समोर पडद्यावर ठोकेकाका.

मामाने माइकजवळ जाऊन छातीवर ठोके दिले.

"काका, सुरू करा," पलीकडून आवाज आला.

"केलं की."

"नाही आलं काही. जरा जोरात."

मामाने जोरात ठोके दिले. मग आणखी जोरात. मग शर्टाची बटणं काढून उघड्या छातीवर. छाती लाल झाली. काचेपलीकडे आवाज मोजणाऱ्या मीटरचा काटा जागचा हलला नाही. बाकी मामाचा श्वास लागला होता, तो अगदी स्पष्ट येत होता.

"थांबा, काय आलंय ते तुम्हालाच ऐकवतो," इंजिनिअर म्हणाला.

मामाने हेडफोन लावला.

आधी नुसती शांतता...

मग एक श्वास. मामाचा नव्हे.

मग एक दबका, चाचरता आवाज...

"हा... मा... माझा... धाक... धाकटा... भ्..."

अडला.

"भ्... भ्..."

ठक... एकच ठोका. आणि तोही अर्धवट, हात चटकन मागे घेतल्यासारखा.

थोडी शांतता. आणि पुन्हा पहिल्यापासून.

"हा... मा... माझा..."

"शेजारच्या खोलीतून येत असेल," इंजिनिअर म्हणाला. पण तो काही मामाकडे बघत नव्हता. शेजारच्या खोलीला तेव्हा कुलूप होतं आणि ते त्याला माहीत होतं.

मामाने हेडफोन खाली ठेवला. तो श्वास त्याला ओळखायला वेळ लागला नाही. लहानपणी एकाच खोलीत, एकाच चादरीखाली त्याने तो रोज ऐकला होता.

तो उठला तो थेट वहिनींकडे गेला. वहिनी खिडकीशी बसून भाजी निवडत होत्या. त्याचा चेहरा बघून त्यांनी ताट बाजूला ठेवलं.

"वहिनी, तो ठोकेकाका... तो मी दादाचा..."

"मला माहीत आहे, भाऊजी. पहिल्याच दिवशी कळलं होतं. त्यांनी चष्मा पुसला तेव्हा."

मामा खाली बसला.

"मी त्याचं बोलणं तोडलं. त्याला काय वाटलं असेल? किती राग आला असेल?"

वहिनींनी मांडीवरची देठं झटकली.

"राग मला यायचा," त्या म्हणाल्या. "त्यांना नाही आला. म्हणून मला जास्त यायचा."

मग त्यांनी जे सांगितलं, ते मामाला ठाऊक नव्हतं.

काही वर्षांपूर्वी मामाचा मोठा सत्कार झाला होता. आयोजकांना वाटलं, नटाच्या मोठ्या भावाने दोन शब्द बोलावेत. त्यांनी परस्पर घरी विचारलं. थोरल्यांनी लगेच मान डोलावली. त्या दिवसापासून रोज दुपारी ते आतल्या खोलीत जायचे, दार लावून घ्यायचे आणि आरशासमोर उभे राहायचे.

"एकच वाक्य म्हणायचे. हा माझा धाकटा भाऊ. बस्स. पण ठोके न देता म्हणायचं होतं त्यांना. हात सवयीने वर जायचा, तो दुसऱ्या हाताने धरून ठेवायचे. दाराबाहेर उभी राहून ऐकायचे मी. भ वर अडायचे. दर वेळी भ वर."

"पण ठोके का नकोत? ठोके देऊन..."

"ठोके दिले असते तर सगळ्या सभागृहाला कळलं नसतं का, तुम्ही ते कुठून उचललेत ते? चारचौघांत तुमची चोरी उघडी पडू नये, म्हणून चाललं होतं त्यांचं."

मामा म्हणतो, त्या क्षणी मला जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं.

"शेवटी जमलंच नाही. ताप आलाय म्हणून कळवायला लावलं मला. तुम्ही स्टेजवरून म्हणालात ना, घरचे कामात असतात, त्यांना कुठला वेळ. लोक हसले. ते टीव्हीसमोर बसून बघत होते."

मामाने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "वहिनी, मला माफ..."

"मला सांगून काय उपयोग?" वहिनींनी ताट पुन्हा पुढे ओढलं. "जिथे लोक हसले, तिथे जाऊन सांगा."

शेवटच्या प्रसंगाचं शूटिंग दुसऱ्याच दिवशी होतं. जेवणानंतर शेवटचा शॉट झाला. रेकॉर्डिस्टने रूमटोनसाठी हात वर केला, तेव्हा मामा म्हणाला, "त्याआधी मला सगळ्यांशी दोन शब्द बोलायचेत."

सगळ्यांना वाटलं, काका आता आभार मानणार. माणसं गोळा झाली. दिवेवाले, मेकअपवाली, चहावाला, दिग्दर्शक. काहींनी मोबाइल काढले. मामाने समोरच्या खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी घट्ट धरली.

"ठोकेकाका मला सुचलेले नाहीत," तो म्हणाला. "मी खोटं सांगत आलो. हे ठोके, हा हं, यातलं काहीही माझं नाही. हे सगळं माझ्या भ्..."

अडला.

तीसेक वर्षं तोंडाची वाफ दवडून पोट भरलेला माणूस. उभ्या आयुष्यात कधी एका अक्षराला अडखळला नव्हता.

"भ्... भ्... भ्..."

मान ताठ झाली. डोळे आपोआप मिटले.

कोणीतरी फिस्सकन हसलं.

मामाने मान हलवली. नाही, नाही, गंमत नाही करत. ते तर आणखीच मजेशीर दिसलं असावं. हसू पसरत गेलं. दिवेवाला हसला, मेकअपवाली हसली. मामाच्या गालांवरून पाणी वाहायला लागलं, तसा दिग्दर्शक टाळ्या वाजवत म्हणाला, "वा, काका, हे घ्यायला हवं होतं सिनेमात."

सगळी खोली हसत होती. आणि मधोमध मामा एका अक्षरावर लटकून उभा होता.

मामा म्हणाला, "तेव्हा मला कळलं, दादाला रोज काउंटरवर कसं वाटत असेल ते. कळलं म्हणजे काय... लाजेने कानशिलं जळत होती माझी. वाटलं, इथेच मरावं. पण ते मरण मला जमेना. नेहमी जमायचं."

आणि मग...

ठक...

हसणाऱ्यांपैकी दोघे-चौघे थांबले.

ठक...

मामाचे दोन्ही हात खुर्चीच्या पाठीवर होते. बोटं पांढरी पडलेली. ते सगळ्यांना दिसत होतं.

ठक...

आता कोणीच हसत नव्हतं. आवाज मामाच्या उजवीकडून आला होता. तिथे कोणी उभं नव्हतं, पण त्या बाजूला उभी असलेली माणसं नकळत थोडी मागे सरली.

"हं."

तो "हं" मामाचा नव्हता. सगळ्यांनी ऐकला.

आणि मामाच्या तोंडून वाक्य बाहेर आलं. सरळ, न अडखळता.

"...भावाचं आहे. माझ्या थोरल्या भावाचं आहे."

चहावाल्याच्या हातातली किटली जमिनीवर पडली. त्यानंतर त्या खोलीत जी शांतता झाली, तशी शांतता आपण कधी रेकॉर्ड केली नव्हती, असं रेकॉर्डिस्ट म्हणाला. मशीन चालूच राहिलं होतं. मामाने नंतर त्याला विचारलं, त्यात काय आलंय? तो म्हणाला, "नको, काका. नका ऐकू." दुसऱ्या दिवशी त्याने काम सोडलं.

सिनेमा आला नाही. मामानेही काम सोडलं.

हे सगळं त्याने मला अलीकडेच सांगितलं. दुपारचे चार वाजले असतील. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी आम्ही दोघेच होतो. बाकी तो अगदी व्यवस्थित बोलतो. फक्त तो एक शब्द त्याला येत नाही. त्यावर आला की अडतो. मान ताठ होते, डोळे मिटतात.

सांगताना तो किती तरी वेळा अडला.

त्याचे दोन्ही हात टेबलावर होते. माझ्यासमोर. मी बघत होतो, मुद्दामच बघत होतो. आणि दर वेळी, तिसऱ्या रिकाम्या खुर्चीकडून...

मी काय ऐकलं ते तुम्हाला कळलं असेल. मी पुन्हा लिहीत नाही.

शेवटी धीर करून मी विचारलं, "मामा, मग त्यांनी तुला माफ केलं, असंच ना?"

मामाने त्या खुर्चीकडे बघितलं नाही. तो टेबलाकडेच बघत राहिला.

"माफ करायला आधी रागवावं लागतं रे," तो म्हणाला. "तो रागावलेलाच नाही. मी अडलो की धावून येतो, माझं वाक्य पुरं करून देतो. छळला असता तर मी सुटलो असतो. हा मदत करतोय मला... अजूनही."

माझा चहा तसाच राहिला. मी उठलो, चपला घातल्या आणि खाली आलो. मामाला पुन्हा फोन करायला हवा, हे मला कळतं. अजून केलेला नाही.